एका मीटरवरची दोन घरं

हुफूफमधल्या आमच्या घराला दारं दोन होती आणि मीटर एक. घरमालकानं जुन्या व्हिलाचे दोन तुकडे करून भाड्यानं दिले होते. एकात मी आणि माझी बायको, दुसऱ्यात श्रीवर्धनचा एक माणूस. विजेचं बिल निम्मं निम्मं. उन्हाळ्यात ही व्यवस्था चालायची, कारण तेव्हा दोघांचेही एसी रात्रंदिवस चालत आणि जास्त पापी कोण हे ठरवायची सोय नसे. हिवाळ्यात ती सोय झाली, आणि माझा एक दात गेला.

सौदीत थंडी पडते हे आमच्या गावी अजूनही कुणाला पटत नाही. मीही समजावणं सोडलं आहे. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की खजुराच्या झावळ्या पत्र्यासारख्या वाजायच्या आणि घर आतून ओरबाडल्यासारखं गार व्हायचं. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, खाली फरशी, मध्ये काही नाही. उन्हाळा ज्या वाटेनं आत येई त्याच वाटेनं हिवाळ्यात ऊब निघून जाई. त्यात विजेचे दर वाढले होते. तेलाचा हीटर लावून झोपलं तर बिल बघून घाम फुटे, म्हणजे ऊब दोनदा मिळे.

व्हिलाची मूळची मजलिस, म्हणजे पाहुण्यांचा मोठा दिवाणखाना, मालकानं मधोमध जिप्समच्या पातळ फळ्या उभ्या करून विभागली होती. खिडकी श्रीवर्धनच्या त्या माणसाच्या वाट्याला गेली. आमच्या वाट्याला एसीचं भोक. ती आमची झोपायची खोली. फळीपलीकडे तो कूस बदलायचा तेव्हा इकडे आम्हाला कळायचं. त्याचं नाव मला ठाऊक होतं, माझं त्याला. पण मी त्याला श्रीवर्धन म्हणायचो आणि तो मला रत्नागिरी. आमच्या दोन गावांत समुद्र एकच आहे, पण कुणाची मासळी चांगली यावर दोन्हीकडचे लोक हार मानायला तयार नसतात. आम्हीही नव्हतो.

तो मोबाइलच्या दुकानात होता. मग मोबाइलच्या दुकानांत फक्त सौदी माणसंच बसतील असा नियम आला आणि त्याच्या मालकानं त्याला एका दुपारी गल्ल्यामागून उठवलं. बायकामुलांच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, दरमहा फी लागू झाली तेव्हाच त्यानं त्यांना गावी पाठवलं होतं. आता तो इकामा संपायची वाट बघत दिवसभर घरात गोधडी पांघरून बसून असे, हीटर न लावता. आणि फळीपलीकडे आमचा हीटर चालू. त्या हीटरचं निम्मं बिल त्याच्या डोक्यावर.

माझंही काही फार बरं नव्हतं. खजूर पॅक करणाऱ्या कंपनीत मी हिशेब बघायचो. सौदीकरणाच्या लाटेत माझ्या पदाचं नाव बदलून सल्लागार केलं गेलं, आणि माझ्या जुन्या पदावर एक सभ्य तरुण आला जो मला रोज विचारायचा की मी खरंच जाणार आहे का. खुर्ची मात्र तीच होती. ती आम्ही वाटून घेतली.

अशात बायको बाळंत झाली. मुलगी. बाळंतपणासाठी रत्नागिरीहून माझी आई आली, व्हिजिट व्हिसावर, ओवा, डिंक, बाळंतशोपा आणि एक दगडी खलबत्ता घेऊन. खलबत्त्याचं वजन बघून विमानतळावर तिला बाजूला घेतलं होतं. हे काय आहे असं विचारल्यावर तिनं बत्ता हातात घेऊन प्रात्यक्षिक दाखवलं. सोडून दिलं त्यांनी.

मुलगी रडकी होती. सकाळी अंघोळ, तेल, शेक, आणि त्या सगळ्यात घर डोक्यावर. श्रीवर्धन पलीकडून फळीवर मूठ आपटायचा. आई इकडून बत्त्यानं उलट ठोकायची. तो तिला खाला म्हणायचा, म्हणजे मावशी.

"खाला, पोरीला गप करा जरा. झोप गेली माझी."

"सकाळच्या पारी झोपतोस? बाप्यानं कामाला जावं."

"काम सौदीला दिला. तुम्ही सांगा त्याला परत द्यायला."

"तुझ्या तोंडाला लागो आग."

"लागूदे. ऊब तरी मिळंल."

हे रोजचं. तो ठोकणार, आई उलट ठोकणार, मग एक शिवी, मग त्याचं उत्तर. बायको म्हणायची, या दोघांचं लग्न लावून द्या म्हणजे सुटू. पण त्यात गंमत फार दिवस उरली नाही. विजेचा बोर्ड दोन्ही दारांच्या मधल्या बोळात होता, आणि येताजाता आमच्या खोलीचा खटका खाली पाडायची त्याला सवय लागली.

एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर हीटर गार आणि मुलीचे ओठ निळसर. आई तिला छातीशी धरून येरझारा घालत होती. बोळात जाऊन बघितलं, खटका खाली. मी त्याचं दार ठोठावलं नाही. लाथ घातली. त्यानं उघडलं आणि तोंड उघडायच्या आत मी त्याच्या नाकावर गुद्दा मारला. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाचा गुद्दा. त्याला बसला, पण पटला नाही. तो मोबाइल विकायचा खरा, पण त्याच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या होड्या ओढलेल्या. त्यानं एकच मारला. मी बोळाच्या भिंतीवर जाऊन आदळलो आणि खाली बसलो. मग आम्ही दोघं फरशीवर लोळत एकमेकांची मुंडी धरायचा प्रयत्न करत राहिलो. त्याच्या नाकातलं रक्त माझ्या शर्टावर, माझ्या तोंडातलं त्याच्या गोधडीवर. आई दारात उभी होती, नात छातीशी.

"झाला?" ती म्हणाली. "दात उचल तो. आणि टाकणार कुठं? इथं दात टाकायला कौल पण नाही."

घरमालकाला कळलं. त्यानं आम्हाला कॉफीला बोलावलं. मोठा रुबाबदार माणूस, बोलताना आवाज खाली आणायचा म्हणजे आपण पुढे झुकून ऐकावं. तुम्ही एका हाताची दोन बोटं आहात, तो म्हणाला. हात आमचा होता आणि अंगठी त्याची. वेगळा मीटर घेऊन द्या, असं मी म्हटल्यावर त्यानं खजुराची ताटली पुढे सरकवली, कारण मधली फळी कुठल्याच सरकारी कागदावर नव्हती. सबर करा, धीर धरा, तो म्हणाला, सबरला बिल येत नाही. मग त्यानं तोडगा काढला. बोर्डाला कुलूप लावलं आणि दोघांना एकेक किल्ली दिली. म्हणजे आता भांडायला किल्ली लागणार होती.

त्याच सुमारास आमच्या कंपनीत वीजबचतीचा समारंभ झाला. सभागृह चांगलं तापवलेलं, फुलं, व्यासपीठावर सोनेरी पायांच्या खुर्च्या. कंपनीचे सगळ्यांत मोठे साहेब एक दिवा बंद करून मोहिमेचं उद्घाटन करणार होते. भर दुपार असल्यामुळे तो बंद करता यावा म्हणून आधी मुद्दाम लावावा लागला. साहेबांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या, छायाचित्रकाराला नीट मिळालं नाही म्हणून दिवा परत लावला आणि परत बंद केला. जाताना प्रत्येकाला घर उबदार ठेवण्याचं पत्रक मिळालं.

पत्रक वाईट नव्हतं. त्यात लिहिलेलं सगळं खरं होतं. ऊब फटींतून जाते, फटी बुजवा. मी बुजवल्या. एसीच्या चौकटीभोवती स्पंज कोंबला, वरून चिकटपट्टी मारली. दाराच्या कडांना रबर लावलं, उंबऱ्याला गोधडीची वळकटी. फळीच्या सांध्यांत पांढरी लांबी भरली. खोली इतकी बंद झाली की दार लावलं की कानात दडे बसायचे. थोडा वेळ हीटर लावला तरी ऊब टिकायची. मी खूश होतो.

आई नव्हती. कुलूप असूनही खटका अधूनमधून पडत होता. किल्ली त्याच्याकडेही होती ना.

"त्या मेल्याच्या बोटावर माझी नात तापायची?" आई म्हणाली. "कोळसा आण."

"अगं, हीटर आहे की."

"विजेवर कसला गं बाई बाळंतपण. तुला मी कशावर शेकला? कोळसा आण."

कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, मांस भाजायच्या कोळशाचं पोतं मिळायचं. मी आणलं. आई अंगणात जुन्या ओव्हनच्या ट्रेमध्ये तो पेटवायची, धूर पूर्ण जाईपर्यंत थांबायची, निखारे लालबुंद झाले की वर चिमूट ओवा टाकून ट्रे बाजेखाली सरकवायची. ती यात अत्यंत काटेकोर होती. धूर नाही म्हणजे धोका नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. आमच्याकडे कौलं असतात.

तो शुक्रवार होता. सकाळ, नमाजाला वेळ होता. आत आई, बायको आणि मुलगी. तेल लावायचं म्हणून आईनं आतून कडी घातलेली. मी बोळात बोर्डासमोर स्टूल टाकून बसलो होतो, मांडीवर गाडीच्या चाकाचा पाना. त्या सकाळी गीझर चालू होता आणि खटका पडू द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. तो पाना हातात बरा वाटत होता. इतकं वाचून शेवटी माणूस पान्यावर येतो, असा काहीसा विचार मनात चालला होता.

पलीकडून त्यानं फळीवर ठोकलेलं ऐकू आलं. मग परत. मग त्याचं दार उघडलं आणि तो बाहेर आला, अनवाणी, खांद्यावर गोधडी.

"तुझी आई ठोकत नाही," तो म्हणाला.

"मग बरं आहे की. झोप जा."

"दोनतीनदा ठोकला मी. उलट ठोकत नाही. शिवी पण नाही."

"मागे सर. बोर्डाला हात लावायचा नाही."

"बोर्ड गेला खड्ड्यात. पोरगी रडत नाही, रत्नागिरी. तुझ्या आईची शिवी कधी चुकते?"

तो माझ्याकडे आला. तो मला बाजूला करून दाराकडे जाणार होता, पण मला दिसला तो बोर्डाकडे येणारा हात. मी पाना उचलून त्याच्या खांद्यावर घातला. हाड वाजलेलं मी ऐकलं. तो कण्हला आणि भिंतीला टेकला.

त्यानं उलट मारलं नाही. तेव्हा मी घाबरलो.

मी दाराशी धावलो. हाका मारल्या. आतून काही नाही. दार जाड लाकडाचं, बोळाच्या बाजूला उघडणारं. खांदा मारून काय होणार, चौकटीवरच आपटत होतं. मी पाना फटीत घालायला गेलो तर फट नव्हती. तिथं माझं रबर होतं. मी नखांनी ते ओरबाडायला लागलो. ते फार छान चिकटलं होतं.

तेवढ्यात त्याच्या घरातून पहिला आवाज आला. त्यानं स्वयंपाकघरातलं रिकामं गॅसचं सिलिंडर एका हातानं कडीला धरून ओढत आणलं होतं आणि गुडघ्यानं ढकलत तो ते फळीवर आदळत होता. एका हातानं, कारण दुसरा मी निकामी केला होता. प्रत्येक आदळण्याबरोबर तो शिव्या देत होता. मला, माझ्या गावाला, घरमालकाला, आणि दुकानाला, ज्याचा यात काही संबंध नव्हता. फळी आधी पिचली, मग फाटली. तो उरलेलं लाथांनी पाडत आत घुसला. पांढऱ्या धुळीत न्हालेला. हे नंतर बायकोनं सांगितलं; तिला तेवढंच आठवत होतं, की पांढरा भुतासारखा माणूस भिंतीतून आला आणि तिला वाटलं आता आपण मेलोच.

त्यानं आधी मुलगी उचलली, आईच्या मांडीवरून. आई भिंतीला टेकून बसल्या जागी कलंडली होती, बत्ता हातात, ठोकायला उचलावा तसा. मुलीला भोकातून पलीकडे नेऊन त्यानं खिडकी उघडली आणि तिला उन्हात फरशीवर ठेवलं. मग परत येऊन आतून कडी काढली. दाराला माझा सगळा भार लागलेला, त्यानं धक्का दिला तसा मी मागे कोसळलो.

"बघत काय बसलास? उचल तिला."

बायकोनं उलटी केलेली. मी तिला ओढत बोळात आणलं. त्यानं माझ्या आईला एका बगलेत धरून फरफटत आणलं, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे, केस मोकळे. रत्नागिरीत कुणी असं पाहिलं असतं तर त्याला झाडाला बांधलं असतं. त्यानं बायकोच्या दोन्ही गालांवर थपडा मारल्या. मी तिथेच होतो. तिनं डोळे उघडेपर्यंत त्यानं मारल्या. मग धावत पलीकडे जाऊन मुलीच्या तळव्यांवर टिचक्या मारायला लागला, मग चिमटे, मग टाचांवर चापट्या, जोरात. इतक्या लहान पायांवर कुणी तसं मारू नये.

ती रडली. आधी बारीक, मग ज्या आवाजावरून आमचं एवढं सगळं झालं त्या आवाजात.

"ओरड," तो तिला म्हणाला. "ओरड, मेले. आता ओरड."

त्याच्याच गाडीतून आम्ही इस्पितळात गेलो. गाडी मी चालवली, कारण त्याचा हात वर होत नव्हता. आईला तिथं ऑक्सिजन लावल्यावर शुद्ध आली. डॉक्टर बाई चिडलेल्या होत्या. दर हिवाळ्यात हे होतं, त्या म्हणाल्या, कोळसा, बंद खोली, आणि दर वेळी लोक म्हणतात धूर नव्हता. खोली पूर्ण बंद होती का, त्यांनी मला विचारलं. फार चांगली बंद होती, मी म्हणालो. त्यांनी श्रीवर्धनच्या खांद्याचाही एक्स-रे काढला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. कसं झालं?

"पडलो," तो म्हणाला.

तो पडला कुठं ते कुणी विचारलं नाही. आईनं मात्र ऑक्सिजनच्या मुखवट्यातून विचारलं, भिंत कुणी फोडली.

"मी, खाला."

"पोरगी घाबरली असंल."

"घाबरली."

"मग असा जोरात ठोकायचा नसतो," आई म्हणाली आणि डोळे मिटले.

आम्ही एकमेकांची माफी मागितली नाही. तो प्रकार आमच्या दोन्ही गावांत नाही. घरी परतल्यावर आईनं हुकूम सोडला. बायका आणि मुलगी पलीकडे, त्याच्या खोलीत, कारण तिथं खिडकी होती आणि सकाळी ऊन यायचं. आम्ही दोघं बाप्ये इकडे. फळीतल्या भोकावर जाड चादर, आणि चादरीच्या खाली, बरोबर भोकात, तेलाचा एकच हीटर. दोन्ही खोल्यांना पुरायचा. स्पंज आणि चिकटपट्टी मी काढून टाकली. बोर्डाच्या दोन्ही किल्ल्या आईनं कमरेला खोचल्या. त्या महिन्याचं बिल हिवाळ्यातलं सगळ्यांत कमी आलं. पत्रकात हा उपाय नव्हता.

तो एका कुशीवरच झोपू शकायचा आणि घोरायचा. मी त्याला लाथ मारायचो. तो मला मारायचा. पण पडल्या पडल्या, खरं काही नाही.

भाडं घ्यायला मालक आला तेव्हा त्यानं भोक पाहिलं. तो त्यासमोर उभा राहिला, जणू त्याच्या वंशाला कुणी भगदाड पाडलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. अल्लानं वाचवलं, तो म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण भिंत माझी होती."

श्रीवर्धननं कोपऱ्यात रचून ठेवलेला फळीचा एक मोठा तुकडा चांगल्या हातानं उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "घ्या," तो म्हणाला. मालकानं तो खरोखर हातात घेतला. त्याचा पांढराशुभ्र तोब, पायघोळ अंगरखा, मांडीपर्यंत धुळीनं भरला.

थंडी ओसरायच्या आधीच श्रीवर्धनचा खुरूज आला, कायमचा परत जायचा शिक्का. गळ्यातल्या झोळीत हात अडकवून तो एका बॅगेनिशी निघाला. मी त्याला विमानतळावर सोडलं. उतरताना त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"बसवून घे तो दात. हसलास की श्रीवर्धन आठवतो लोकांना."

"आणि तुझं हाड?"

"ते पावसाळ्यात दुखंल. तुला शिव्या देईन."

तो गेल्यावर मालकानं गवंडी लावले. या वेळी जिप्सम नाही. सिमेंटचे ठोकळे, दोन्ही बाजूंनी गिलावा, वर रंग. खिडकी परत पलीकडे गेली. मालकानं भिंतीवर तळहात थोपटून आम्हाला दाखवलं की आता कुणाच्या बापाला फुटणार नाही. पलीकडे नवीन भाडेकरू आला, शांत माणूस, बोळात भेटला की सलाम करायचा. बोर्डाच्या खटक्याला त्यानं कधी हात लावला नाही.

भिंत वाळल्यावर एका सकाळी आईनं बत्ता उचलला आणि ठोकून पाहिलं. नवा भाडेकरू घरात होता. त्याच्या दाराशी चपला होत्या. तिनं परत ठोकलं, जोरात. मग बत्ता खाली ठेवून ती थोडा वेळ कान लावून उभी राहिली. आत काही गेलं नव्हतं आणि बाहेर काही आलं नाही.

"बाज उचल," ती मला म्हणाली.

"कुठं नेऊ?"

"स्वयंपाकघरात, जिथं दार उघडा राहतो तिथं. या भिंतीला लागून माझी नात झोपणार नाही."

उरलेला हिवाळा आम्ही स्वयंपाकघरात काढला, दार किलकिलं ठेवून. बिल आलं ते भयंकर होतं. आईनं ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि मुलीच्या बाजेच्या पायाखाली, ती डुगडुगू नये म्हणून, घडी करून सारलं.